नावं कोण देतंय?

१६ सप्टेंबर १९५७, सोमवार

कुणीतरी फितूर आहे आमच्यात!

सकाळी पहिला तास सुरू व्हायच्या आत हेडमास्तर ओग्रेन वर्गात आले आणि ड्वेनला उठवलं. आठवडाभर शाळेत पाऊल टाकायचं नाही. का? तर शनिवारी तो स्केटिंग हॉलमध्ये, गावात शूटिंगला आलेल्या सिनेमावाल्यांसाठी गिटार वाजवत होता. शाळेचं फर्मान पहिल्या दिवसापासून आहेच — त्या ‘धांगडधिंग्या’त जो दिसेल तो शाळेबाहेर. पण दिसला कुणाला? हॉलच्या खिडक्यांना काळे पडदे, दाराशी पहारेकरी. आत नाचायला घेतलेली आम्ही शाळेतली पोरंच.

म्हणजे आमच्यापैकीच कुणीतरी.

१८ सप्टेंबर, बुधवार

शाळा सुटल्यावर मागच्या दाराने हॉलमध्ये. आज हीरोच्या आगमनाचा प्रसंग होता. सोळा वर्षांचा बंडखोर पोरगा म्हणे! तिशीचा घोडा आहे, पोट आत ओढून श्वास धरून उभा राहतो. मोटरसायकल चालवता येत नाही — दोन माणसं वाकून मागून ढकलतात आणि हा वरती ऐटीत केसांतून कंगवा फिरवतो. डायरेक्टर भोंग्यातून ओरडतो, “पोरांनो, चिडा! हेडमास्तरने तुमची गाणी बंद केलीत!” माझी मैत्रीण रोझाल्बा माझ्या कानात म्हणाली, “आमचे ओग्रेन आणा, फुकटात चिडून दाखवते.” मी इतकी हसले की प्रसंग परत घ्यावा लागला.

पण मग गाणं लागलं. ड्रम सुरू झाले की काय होतं ते लिहिता येत नाही. आपले पाय आपले राहत नाहीत.

घरी बाबा रात्रपाळीला गेल्यावर आईला सगळं नाचून दाखवलं. बटाटे सोलता सोलता ती पोट धरून हसली. खोदखोदून विचारते — कोण कोण होतं, कोण कुणाबरोबर नाचलं. बाबांना कळलं तर रेडिओच फोडतील. आई मात्र माझ्या बाजूची आहे. रोझाल्बाला तर असं घरी बोलताच येत नाही!

२० सप्टेंबर, शुक्रवार

आणखी दोघं गेले. जुळे भाऊ, शेवटच्या बाकावरचे. परवा माझ्या शेजारीच नाचत होते.

आता मी डोळे उघडे ठेवलेत. मार्जीन टटल! ऑगस्टमध्ये ओहायोहून आली. कुणाशी भांडत नाही, कुणाची टवाळी करत नाही. एवढं शहाणं कुणी असतं का? आज दुपारी ओग्रेनांच्या खोलीतून बाहेर पडताना मी तिला स्वतः पाहिलं. डोळे लाल. नाटकं.

रोझाल्बाला सांगितलं. ती म्हणाली, “तरीच! हॉट डॉग खातानासुद्धा आपल्याकडे बघत असते.”

२३ सप्टेंबर, सोमवार

मार्जीनचा निकाल लावला.

हॉलमध्ये ती आली तेव्हा आम्ही सगळ्यांनी पाठ फिरवली. आधीच ठरलं होतं. ती माझ्याकडेच आली. “हॅलिना, काय झालं?”

“ओग्रेनांना विचार. तुझी रोजची ऊठबस आहे ना तिथे.”

“मी ड्वेनसाठी गेले होते. त्याला परत घ्या म्हणायला.”

“वा! आणि पोपटासारखं काय काय बोलून आलीस?”

तिने कोट उचलला आणि गेली. रोझाल्बाने टाळी दिली मला. आता बघू कशी नावं जातात.

२४ सप्टेंबर, मंगळवार

आज कुणाचंच नाव गेलं नाही. बघा!

२७ सप्टेंबर, शुक्रवार

रोझाल्बा.

हे कसं झालं? मार्जीन सोमवारपासून हॉलकडे फिरकलेली नाही. मग बुधवारी रोझाल्बा टेबलावर चढून नाचली हे ओग्रेनांना कोण सांगणार? ‘टेबलावर’ — हे सुद्धा त्यांना माहीत होतं!

आणि तिचं नुसतं आठवड्यावर भागणार नाही. जानेवारीत तिला नर्सिंगच्या शाळेत घेणार होते, ती चालवणाऱ्या नन्सना आपल्या शाळेकडून वर्तणुकीचा दाखला लागतो. ओग्रेन म्हणाले, मी खोटं लिहिणार नाही. रोझाल्बाची आई फाटकापाशी रस्त्यातच रडायला लागली. आणि त्याच वेळी फ्लॅश उडाला! फेनर — सिनेमाच्या जाहिरातीचं बघणारा, पिवळ्या बो-टायवाला — फोटोग्राफर घेऊन हजर. हा तिथे वेळेवर कसा?

आता कळलं. पेपरात बोभाटा झाला की सिनेमा चालतो. हाच नावं देतो.

२८ सप्टेंबर, शनिवार

फेनरला गाठलं. सरळ विचारलं, “ओग्रेनांना फोन तुम्हीच करता ना?”

तो डोनट खात होता. थांबला. मग इतका हसला की साखर टायवर सांडली. “पोरी, काय डोकं आहे तुझं! मला का नाही सुचलं हे?” मग म्हणाला, “मी नाही गं. मी फक्त कुणी रडायला लागलं की जातो.”

किळस आली. पण खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणाऱ्याला इतकं मनापासून हसता येत नाही.

३० सप्टेंबर, सोमवार

रोझाल्बाच्या घरी गेले. तिने जाळीचं दार उघडलंच नाही. आतूनच म्हणाली, “एक सांग. ड्वेन गेला, जुळे गेले, मी गेले. तू तर पहिल्या दिवसापासून आहेस, सगळ्यात पुढे नाचतेस. मग तुझंच नाव कसं नाही गेलं?”

“मला काय माहीत!”

“मार्जीनलाही माहीत नव्हतं,” ती म्हणाली. आणि आतलं लाकडी दार लावून घेतलं.

१ ऑक्टोबर, मंगळवार

हॉलमध्ये सगळ्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली. अगदी तशीच.

गाणं लागलं. पाय हलले नाहीत.

२ ऑक्टोबर, बुधवार

ओग्रेनांच्या खोलीत गेले. स्वतःहून. “मीही होते सर. पहिल्या दिवसापासून. टेबलावरसुद्धा, रोझाल्बाच्या मागोमाग.”

त्यांनी चष्मा काढला. ओरडतील वाटलं. पण थकलेले दिसले. म्हणाले, “मला नावं सांगितली, त्यांत तुझं कधीच नव्हतं.”

“कुणी?”

“फोन येतो. एक बाई असतात, नाव सांगत नाहीत. मला हौस आहे असं वाटतं तुला? पण कळल्यावर मला गप्प बसता येत नाही.” आणि मलाही आठवडा दिला. कधी नव्हे इतकं हलकं वाटलं.

मग मार्जीनकडे गेले. दारातच माफी मागितली. तिने ऐकून घेतली, “बरं” म्हणाली, आत बोलावलं नाही. बरोबरच आहे तिचं.

पण बाई कोण? सिनेमातली हीरोइन? तिला आमची नावंही येत नाहीत, सगळ्यांना ‘लाडके’ म्हणते. रोझाल्बाची शेजारीण? ती तर हॉलमध्ये कधी आली नाही. आत काय घडतं ते तिला कोण सांगणार?

घरी अजून बोलले नाही. उद्या सांगते.

३ ऑक्टोबर, गुरुवार

बाबा गेल्यावर आईला सांगितलं, शाळेतून काढलंय, एक आठवडा. ती बशा धूत होती. गर्रकन वळली, हाताला साबणाचा फेस तसाच.

“असं कसं? तुझं नाव तर मी कधीच घेतलं नाही!”