एक बोट आधी

मु. प्रकाशे, ता. शहादे
फाल्गुन वद्य पंचमी, शके १८४०

चि. मीना हिस तुळशीबाईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे, तुमच्याकडची खुशाली कळवावी, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. हा दुसरा कागद आहे. पहिल्यावर सवयीनं ‘चि. सौ.’ लिहून गेले. सौ.च्या जागी विधवेला जे लिहितात ते एकोणीस वर्षांच्या सुनेला लिहायला हात होईना, म्हणून कागदच बदलला. माझे वडील तळोद्याच्या शाळेत मास्तर. त्यांच्यापुढे असा कागद फुकट घालवला असता तर तळहातावर छडी बसली असती.

यंदा दारी होळीची पोळी झाली नाही. तापी पार डोहाला लागली आहे, पाऊसच नव्हता तर पाणी कुठलं. ढवळी म्हैस व्याली, पारडी झाली. तुझे सासरे सकाळी मळ्यात जातात आणि जेवायला येतात. मी वाढते, ते जेवतात. भाजीत मीठ आहे की नाही हे दोघांनाही कळत नाही. परवा छबूबाई शेजारून वाटीभर भाजी घेऊन गेली आणि तशीच परत घेऊन आली, म्हणाली नुसतं खारं पाणी आहे. आम्ही तीच भाजी दोन वेळा जेवलो होतो.

पत्राचं कारण गोधडीचा गोट. तू म्हणशील, पाच महिन्यांनी सासूला गोट आठवला. आठवला खरा. तुला कोपरा शिकवायचा राहिला होता, तो लिहून शिकवते. नीट वाच आणि जुन्या चिंधीवर दोन-तीनदा करून बघ, एकदम गोधडीला हात घालू नको.

गोटाची पट्टी चार बोटं रुंद फाड, कातरू नको. फाडलेली पट्टी सरळ येते. ती मधून दुमडून इस्त्री केल्यासारखी दाबून घे. नंतर तिची मोकळी कड गोधडीच्या कडेला लावून धावदोरा घालत जायचं. तू इथपर्यंत बरोबर करायचीस. चूक व्हायची ती कोपऱ्यावर. तू पार टोकापर्यंत शिवत जायचीस आणि तिथून पट्टी ओढून वळवायचीस. ओढली की ती गोळा होणार. टोकाला जायचंच नाही. टोक एक बोट राहिलं की थांबायचं, गाठ मारायची, दोरा तोडायचा. मग पट्टी वर उलटी दुमडायची, म्हणजे कोपऱ्यात तिरकी घडी पडते. ती घडी अंगठ्यानं दाबून धरायची आणि पट्टी पुन्हा खाली आणून दुसऱ्या कडेला लावायची. तिथं मात्र अगदी वरच्या कडेपासून शिवायला लागायचं. चारी बाजू झाल्या की गोट मागं पलटायचा. पुढं कोपऱ्यात आपोआप तिरकी रेघ येते. मागची घडी पुढच्यापेक्षा उलट्या अंगाला घालायची, म्हणजे जाडी दोन्हीकडे वाटली जाते आणि कोपरा फुगत नाही. मग बारीक टाके घालून घडी बंद करायची. टाका दिसता कामा नये.

एवढंच आहे. अर्ध्या घटकेत शिकवता आलं असतं. माझ्या सासूनं मला असंच जवळ बसवून दाखवलं होतं, आणि ती काही गोड बाई नव्हती.

पोळ्यानंतरची ती दुपार तुला आठवत असेल. पितांबरला मळ्यातल्या जागलीसाठी म्हणून तू त्याच्याच जुन्या धोतरांची गोधडी शिवलीस आणि ओट्यावर वाळत घातलीस. आपल्या लोकांत सून कशी आहे ते गोधडीचा कोपरा उचलून बघतात, हे तुला काही नवीन नाही. छबूबाईनं येऊन नेमका तोच उचलला. म्हणाली, “हाऊ कोपरा शे का कपाशीनं बोंड वं?” चार बायका हसल्या. त्या तुला हसल्या नव्हत्या, मला हसल्या असं मला वाटलं. सगळ्या प्रकाशे गावात ज्या तुळशीबाईच्या हातचा गोट वाखाणतात, तिच्या घरात बोंड! तेव्हा मी सगळ्यांसमोर तुला बोलले, “तुन्ही मायनी तुले गोट लावाले शिकाडं नही का? जाय, शिकीसन ये. तवलोंग आठे येऊ नको.”

तू आत जाऊन बोचकं बांधलंस. दुसऱ्या दिवशी आपल्या गड्यानं, भिलानं, गाडी जुंपली आणि तुला बोरदला माहेरी पोचवून आला. पितांबर जेवताना माझ्याशी बोलला नाही, एवढाच काय तो त्याचा निषेध. आईला उलटून बोलायचं त्याला ठाऊकच नव्हतं, तसं बोलला असता तर बरं झालं असतं.

आता खरं कारण लिहिते. गेल्या आठवड्यात तुझ्या वडिलांनी माणूस धाडला होता. शहाद्याच्या बाजूचे एक जण आहेत, बायको याच मानमोडीच्या तापात गेली, घर चांगलं आहे, तुझ्याशी पाट लावायला तयार होते, असं तो सांगत होता. मी दाराआड गोट शिवत बसले होते. ‘होते’ म्हणाला, ‘आहेत’ म्हणाला नाही, म्हणून सुई थांबली. तर त्या मंडळींच्या कानावर आलंय की ही मुलगी आजारी नवऱ्याला टाकून माहेरी बसली, सांगावा मिळूनही आली नाही. पाडव्यानंतर शहाद्याला जातीची बैठक आहे, तिथं विचारून मग काय ते ठरवू म्हणाले. तुझे वडील विचारत होते की रूपचंदभाऊ बैठकीत दोन शब्द मुलीच्या बाजूनं बोलतील का. तुझे सासरे म्हणाले, “आम्ही काय बोलणार? गावले सगळं माहीत शे.”

गावाला माहीत आहे ते खोटं आहे. ते कसं झालं हे मला एकटीला माहीत आहे, आणि भिलाला.

दसऱ्याच्या दिवशी सोनं वाटून आला आणि पितांबर अंथरुणावर पडला. तोवर गावात मानमोडीच्या साथीनं रोज तीन-चार माणसं जात होती, तरी मला वाटलं हा साधा ताप आहे. काढा दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी भिला बैल सोडून अंगणात उभा राहिला. म्हणाला, “माय, गाडी जुपू का? बोरद जाई येस, सांज पावत वहिनीले लई येस.” सात कोसांची वाट. मी त्याला म्हटलं, “ऱ्हाऊ दे. ती आपसूक यी.”

मीना, का म्हटलं ते लिहिते. तू आपण होऊन येशील, कोपरा शिकून येशील, माझ्यापुढे पदर पसरून बसशील, याची मी महिनाभर वाट बघत होते. मी बोलावलं असतं तर तू जिंकून घरात आली असतीस. एवढंच. दुसरं काही कारण नव्हतं. किती शोधलं तरी सापडत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, माझा सुंभच जळत होता आणि मी पीळ सांभाळत बसले.

तिसऱ्या दिवशी भिलानं पुन्हा विचारलं. मी चुलीतलं लाकूड पुढं सारत राहिले. तो बैलांना पाणी पाजायला घेऊन गेला.

त्या दिवशी दुपारी पितांबरनं तुझं नाव घेतलं. माझ्यासमोर त्यानं कधी तुझं नाव घेतलं नव्हतं, ‘ती’ म्हणायचा. त्या दिवशी म्हणाला, “माय, मीनाले सांगावा धाडा का?” मी खोटंच म्हटलं, “धाडा रे भाऊ. येई ऱ्हायनी ती.” छबूबाई पेज घेऊन आली होती, दारात उभी होती. तिनं ते ऐकलं. तो दर थोड्या वेळानं विचारायचा आणि मी तेच सांगायची. छबूबाई दोनदा आली, दोन्ही वेळा तिनं तेच ऐकलं. चौथ्या दिवशी उन्हं कलायच्या आधी तो गेला. गेला तेव्हा दाराकडे बघत होता. तू येते आहेस असंच त्याला वाटत होतं.

गाडी त्यानंतर जुंपली गेली.

तू आलीस तेव्हा राखही सावडून झाली होती. बायका तुला दारातच म्हणाल्या, सांगावा पोचूनही नवऱ्यासाठी पाय निघाला नाही का गं? तू माझ्याकडे बघितलंस. तुला तर कुणाचाच सांगावा आला नव्हता. माझं एक वाक्य पुरलं असतं. मी खाली बघत राहिले. तुला वाटलं असेल, पोर गेलं म्हणून सासूची वाचा बसली. वाचा शाबूत होती. तेराव्याला तुझे वडील तुला घेऊन गेले तेव्हाही शाबूत होती. पाच महिने छबूबाई गावभर सांगते आहे, आणि ती बिचारी खोटं सांगत नाही, तिनं जे ऐकलं तेच सांगते.

मला रडू येत नाही. लोकांना वाटतं धीराची बाई आहे. काही नाही, आत काही हलतच नाही. हे लिहितानाही हात कापत नाही, अक्षर बघ कसं सरळ आहे. वडिलांनी पाहिलं असतं तर शाबासकी दिली असती.

ती गोधडी माझ्याकडे आहे. तापात तीच त्याच्या अंगावर होती. मेल्या माणसाचं पांघरूण नदीवर टाकून देतात, मी राखेच्या पाण्यात उकळून ठेवून दिली. मध्यंतरी तुझे चारी कोपरे उसवून नीट करायला घेतले. तीन केले. एक तो शेवटपर्यंत मुठीत धरून होता. कोणता ते मला माहीत आहे, मी ती मूठ सोडवली होती. तो तुझ्या हातचा आहे तसाच राहू दिला. गोधडी तुला पाठवत नाही. नव्या घरात ती न्यायची नाही. नवी शीव.

म्हणून तर कोपरा लिहून धाडला. तिथंही कुणी सासू असेल. तिथंही कुणी ओट्यावरची गोधडी उचलून बघेल. तुला परत पाठवायला त्यांना माझ्यासारखं निमित्त मिळू नये.

काल दुपारी मी तुझ्या सासऱ्यांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, “जे व्हयनं ते व्हयनं. आते घरनी अब्रू कसाले उघडी पाडस?” मी म्हटलं, आपल्या घराची अब्रू सुनेच्या अंगावर टाकून आपण पाच महिने पांघरूण घेतलं, आता पुरे. ते उठून मळ्यात गेले. ते बैठकीत बोलणार नाहीत. बायकांना बैठकीत बोलायची रीत नाही, मला बोलावणारही नाहीत. पण कागदाला कुणी अडवत नाही.

तेव्हा हे पत्र तुझ्यासाठी आहे तसं पंचांसाठीही आहे. भिला हे तुझ्या हातात देईल. तुझ्या वडिलांना सांग, बैठकीत पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचावं, गोटाचा भागसुद्धा वगळू नये. किती क्षुल्लक गोष्टीपायी हे झालं ते लोकांना कळू दे. भिला साक्षीला उभा राहतो म्हणाला आहे. वाचताना माझं नाव आलं तर तुझ्या वडिलांनी आवाज कमी करू नये.

माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, आणि मला ती पचायची नाही. पाट लागल्यावर इकडे पत्र टाकायची गरज नाही. तिकडच्या माणसांना आपलं म्हण. पितांबरचं नाव घ्यावंसं वाटलं तर मनात घे, कुणाला विचारू नको.

पत्राखाली ‘तुझी सासूबाई’ असं लिहिणार होते. पण पंच विचारतील की हे कुणी लिहिलं, म्हणून चावडीत लिहितात तसं, नवऱ्याच्या नावाआधी ‘कोम’ लावून, पुरं लिहिते.

मीना कोम पितांबर हिला तिच्या नवऱ्याच्या आजारपणात कोणताही सांगावा धाडला नव्हता. मुलानं विचारलं तेव्हा धाडला असं मी खोटं सांगितलं. मुलीचा काही दोष नाही. दोष माझा. हे कुणाच्या दाबाखाली लिहिलेलं नाही, शुद्धीवर राहून लिहिलं आहे.

सही, तुळशीबाई कोम रूपचंद पाटील,
मयत पितांबर याची आई, रा. प्रकाशे.
हस्ताक्षर खुद्द.