लंगडीचा डाव

बाई, आज दुपारी जरा डोळा लागला आणि तुम्ही आमच्या कॅम्पातल्या पत्र्याच्या खोलीत आलात. पदराने घाम पुसत खाटेच्या कडेला टेकलात. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि स्वप्नात माझा पाय मात्र अजून प्लास्टरमध्येच.

आम्ही सिंध सोडून अमरावतीत आलो तेव्हा मला मराठीतलं 'पाणी' तेवढं कळायचं, तेही आमच्यात पाणीच म्हणतात म्हणून. पुढे कापसाच्या बंडीला, म्हणजे बैलगाडीला, मागून लटकले, पडले, चाक पायावरून गेलं. प्लास्टर निघालं, पाय आखूड राहिला. आता शाळेत जायचंच नाही, म्हणून मी हटून बसले. मग शाळा सुटली की तुम्हीच पुस्तक घेऊन यायला लागलात. परक्या देशात राहायला आलेली एक गोरी मुलगी घोडागाडीवरून पडते, अंथरुणाला खिळते, अशी गोष्ट. पुस्तक शुद्ध मराठीत, पण तुम्ही वाचायचात वऱ्हाडीत, त्यामुळे ती गोरी पोर खुशाल 'मले भूक लागली' म्हणायची. आई काही न समजता ऐकत बसायची. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे पडायचे, तुमचा आवाज चालू असायचा, आणि मला फार फार सुख वाटायचं.

एकदा मी मध्येच विचारलं, "बाई, तिले पन लंगडी म्हनतात का?"

तुम्ही पुस्तक मिटलंत. "तुले कोन म्हनलं वं?"

मी सांगितलं, कुंपणापलीकडून शाळेतल्या पोरी ओरडतात.

तुम्ही हसलात. "अवं, लंगडी म्हंजे खेळ असते. तुले खेळाले बलावून राहिल्या त्या. उद्या ये, दाखवतो."

दुसऱ्या दिवशी काठी टेकत मी शाळेच्या फाटकापर्यंत येते. मैदानात सगळ्या पोरी एका पायावर. आणि सगळ्यांच्या पुढे तुम्ही, पन्नाशीच्या, पदर खोचून, धापा टाकत उड्या मारताय.

बाई, हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून खरं ते लिहूनच टाकते. त्या मला खेळायला बोलवत नव्हत्या, हे मला तेव्हाही कळत होतं. मराठी पुरती येत नसली तरी चिडवणारा आवाज कळायचा. पण तुम्ही पडता पडता सावरलात, फाटकाकडे पाहिलंत, आणि मला वाटलं, आता आपण आत गेलो नाही तर बाईंना फार वाईट वाटेल. म्हणून आत आले.