एक ओळ मागे

सोम., ३ नोव्हें.
सकाळपासून कानात गुरुजींची पट्टी. टेबलावर खट्. चौथीत कविता म्हणताना अडलो की, "एक ओळ मागे जा. चूक तिथे असते." आता सत्तरी उलटली, तरी दचकतो.
मल्हारगंजातल्या आमच्या वाचनालयात घोळ. कॉम्प्युटर सांगतो, क्षीरसागरबाईंकडे कुस्तीचं पुस्तक थकलंय. फोन मीच केला. "अहो भाऊ, या वयात लंगोट कसू का?" हसल्या. पुढच्या तिघांच्या नावावरही भलतीच पुस्तकं; ते हसले नाहीत.

मंगळ., ४
संध्याकाळी कमिटी. सेक्रेटरी बापूसाहेब: "देखो भिया, इतकी सालं रजिस्टर बरोबर चाललं न? या पोरीनं यादी कॉम्प्युटरवर चढवली, सगळं चौपट, पार वाटोळं!"
पोरगी म्हणजे दीपा. सांगलीची, नोकरीसाठी इकडे, ऑफिस पलासिया भागात. रविवार आमच्यापायी घालवते. शांतपणे म्हणाली, "आधी कारण शोधू या. शेवटचा बदल कुणी केला?"
कॉम्प्युटरला हात आम्ही दोघंच लावतो. मी म्हणालो, "मी तर काही नाही केलं."
रविवारपर्यंत वाचनालयाची किल्ली परत करायला सांगितलं तिला. मी चष्मा पुसत बसलो.

गुरु., ६
कॉम्प्युटरवर तिची चिठ्ठी अजून चिकटलेली. 'एका वेळी एकच बदल. लगेच तपासा. लिहून ठेवा.' तेव्हा मी थट्टा केली होती.
घरी येऊन हीच वही उलटी वाचत गेलो. एक पान मागे. आणखी एक. २९ ऑक्टो., माझंच अक्षर: 'दुपारी पुस्तकांची नावं अकारविल्हे लावली. कवितासंग्रह कसे ओळीत शोभतात!'
नावं तेवढी हलली. शेजारच्या रकान्यातले वाचक जागच्या जागी.

शुक्र., ७
खात्रीसाठी यादीच्या जुन्या नकलेवर तेवढंच एक केलं, दुसरं काही नाही. क्षीरसागरबाईंसमोर कुस्ती हजर.
बापूसाहेबांना फोन. "बोला भिया!" थंडी कशी पडलीय ते बोललो. ठेवला. शी.

रवि., ९
पत्र लिहायला बसलो. 'यादीत चूक झाली.' कुणाकडून? खोडलं. 'माझ्याकडून' एवढाच शब्द, त्याला अर्धा तास. पुढे काही सुचे—
बेल. जाळीतून पाहिलं. दीपा! माझ्या घरी कधीच आली नव्हती.
"काका, किल्ली तुमच्याकडेच ठेवते. बापूसाहेबांसमोर जायला नको वाटतं. तुम्ही तरी मला कधी बोलला नाहीत."
चपला काढतेय. टेबलावर पत्रासोबत द्यायला वहीतून फाडलेलं २९ तारखेचं पान उघडंच आहे.