मागे राहणाऱ्याची सोय

मालवीय नगर, जयपूर
४ ऑगस्ट २०२४

चि. सौ. विजयमाला हिस,
हिंदुरावचे अ. उ. आ.

येथे मी व जयंती खुशाल. फोन न करता लिहितो आहे, कारण फोनवर तू माझं बोलणं मध्येच तोडतेस.

मी मृत्युपत्र करतो आहे. त्याला एक एक्झिक्युटर लागतो. म्हणजे मी गेल्यावर त्यात लिहिल्याप्रमाणे सगळं करून घेणारा माणूस. माझी अट एकच: जयंती जिवंत असेतो हा फ्लॅट विकला जाता कामा नये! निलय म्हणतो, आईला गुडगावला अठराव्या मजल्यावर नेईन. जिथून भाजीवाल्याशी भांडता येत नाही ते घर नव्हे, कपाट आहे! जिने हे घर चालवलं तिला मुलाच्या सोयीने उचलून ठेवायचं, हा अन्याय मी मेल्यावरही चालू देणार नाही!

तेव्हा निलयला तोंडावर नाही म्हणणारं माणूस हवं. विमा कंपनीच्या युनियनमधले माझे दोस्त भाषण संपण्याआधीच हो म्हणतात, ते बिनकामाचे. आयुष्यात माझं एकदाही न ऐकलेली तू एकटी. तुझं नाव घालतो आहे. जयंतीला तूर्त बोलू नकोस, उगीच घाबरेल.

लोभ आहेच; होकार तेवढा पाठव.
तुझा,
दादा

कोल्हापूर
१२ ऑगस्ट २०२४

ती. दादास,
विजयमालाचा शि. सा. न.

मला तुझी एक्झिक्युटर होता येणार नाही. आधी ब्लडप्रेशरची गोळी घे, मग पुढचं वाच.

तुझ्यापेक्षा मी वयाने लहान खरी, पण माझे गुडघे तुझ्या गुडघ्यांपेक्षा म्हातारे आहेत. शिवाय याच कामासाठी मी आधीच एकीला शब्द दिला आहे. कुणाला, ते तीच सांगेल. फ्लॅटचे कागद एकदा वकिलाला दाखव, आणि वहिनींशी बोल. त्या घाबरतात हे तुला कुणी सांगितलं? मला तरी तसं कधी दिसलं नाही.

राग उतरला की माया पूर्वीइतकीच असू दे.
तुझी,
विजयमाला

जयपूर
२५ ऑगस्ट २०२४

सौ. वन्संस,
जयंतीचा स. न. वि. वि.

शेवटी ह्यांना कळलं. वकीलसाहेबांनीच सांगितलं, की फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर आहे, तेव्हा तो ह्यांना मृत्युपत्रात घालता येत नाही. बाईच्या नावावर घेतला की मुद्रांक शुल्क कमी पडतं, म्हणून ह्यांनीच तसा घेतला होता. नोंदणीच्या दिवशी त्या कचेरीत स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्कावर हे बराच वेळ बोलले. बाबू लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या गडबडीत फ्लॅट माझा झाला, ते ह्यांच्या लक्षात राहिलं नाही.

मग मी माझं मृत्युपत्र पुढे ठेवलं. एक्झिक्युटर म्हणून तुमचं नाव पाहिलं, बाकीचं दोनदा वाचलं, आणि तेव्हापासून गप्प आहेत. शेजारच्या हर्षालीने विचारलं, अंकलजी गावाला गेलेत का. मला ह्यांच्या गप्प बसण्याची सवय नाही. दोन ओळी लिहा, म्हणजे निदान तुमच्यावर तरी चिडतील.

आहे तसाच जीव लावत राहा.
तुमची,
जयंती

जयपूर
२ सप्टेंबर २०२४

चि. सौ. विजयमाला हिस,
अ. उ. आ.

तुम्ही दोघींनी मला अंधारात ठेवलंत, त्याचा निषेध नोंदवतो. तो नोंदवून झाला.

जयंतीने लिहिलं आहे, की तिच्यामागे मला इथून कुणी हलवायचं नाही. स्वयंपाकाला बाई ठेवावी, मी नको म्हटलं तरी ठेवावी. बाईला सांगावं की हे दुसऱ्यांदा चहा मागतील, तो द्यावा. आणि बोलायला लागले तर थोडा वेळ बसून ऐकावं. अशा गोष्टी मृत्युपत्रात बसत नाहीत असं वकीलसाहेब म्हणाले. तिने त्या बसवल्या आहेत.

माझ्या मसुद्यात मी गेल्यावर काय करायचं ते सगळं होतं. ती आधी गेली तर काय, यावर एक ओळ नव्हती. वकीलसाहेबांनी विचारलं, लिहू का. मी मसुदा परत मागून घेतला.

आता माझ्या मृत्युपत्रात पुस्तकं आणि स्कूटर उरली आहेत. त्यासाठी निलय पुरे. त्याला स्कूटर चालवता येत नाही.

जयंतीने निवडलेलं माणूस बरोबर आहे, हे मान्य करतो. तिचं काम तुला कधी करावं लागू नये, एवढा लोभ असावा.
दादा