गुरखा घाबरत नाही

अण्णा, तुमचा गुरखा मला भेटला. खराखुरा, इंग्रजांच्या पलटणीत नोकरी केलेला, आणि तोही कुठे, तर जर्मनीत, हेर्त्सोगेनआउराखच्या पोहण्याच्या तलावावर, नातवाचा टॉवेल मांडीवर घेऊन बाकावर बसलेला. तुम्ही असता तर उभं राहून सलाम ठोकला असता. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तरी त्यांना पाहून आधी तुम्हीच आठवलात, आणि खरं सांगायचं तर जरा रागच आला.

साताऱ्याच्या शाळेत तुम्ही इतिहास शिकवायचात, आणि धडा कुठलाही असो, गाडी फिरून गुरख्यांवर यायची. मुलं चिडवायची, "सर, आणि आपले मावळे?" तुम्ही म्हणायचात, "मावळे घरचे. घरच्यांचं रोज काय कौतुक करायचं?" इंग्रज आधी त्यांच्याशीच लढले, त्यांची चिवट झुंज पाहून त्यांनाच आपल्या फौजेत घेतलं, मग ती माणसं कुठल्या कुठल्या देशांत जाऊन लढली, हे सगळं तुम्ही अशा थाटात सांगायचात की जणू तुम्हीही रांगेत उभे होता. बँकेच्या दारातल्या पहारेकऱ्याला कोणी "ए गुरखा" अशी हाक मारली की तुमचं डोकं फिरायचं. ते मला आवडायचं. पण तुमच्या प्रत्येक गोष्टीचा शेवट एकच असायचा, गुरखा घाबरत नाही. शाळा सुटली की ते वाक्य तुमच्याबरोबर घरी यायचं आणि माझ्या मानगुटीवर बसायचं. मी कुत्र्याला भ्याले की ते, दाताच्या डॉक्टरकडे रडले की ते.

विहिरीचा दिवस तर विसरताच येत नाही. मे महिना आहे, मी नऊ वर्षांची, पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधलाय. आत्याच्या शेतातल्या विहिरीत आतेभाऊ धबाधब उड्या मारतायत. तुम्ही पांढऱ्या लेंग्यात काठावर उभे आहात. "मार उडी. गुरखा घाबरत नाही." मी खाली बघते. पाणी काळंशार. माझी पाचावर धारण बसते आणि मी वळून, पाठीवरच्या डब्यासकट, बांधाबांधाने घरी चालत येते. तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना आईला म्हणालात, "हिच्या हातून काही व्हायचं नाही." मी शेजारीच बसले होते, अण्णा. त्यानंतर मी कधी पाण्यात उतरले नाही.

आता तुमची नात सात वर्षांची आहे. इथे या वयाच्या मुलांना पोहण्याचा पहिला बिल्ला मिळवायचा असतो, त्याला झेपफेर्टशेन म्हणतात, म्हणजे समुद्रघोडा. काठावरून उडी मारायची, पंचवीस मीटर पोहायचं आणि तळाशी टाकलेली रिंग वर काढायची. तिच्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या पोहण्याच्या कपड्यांवर तो बिल्ला शिवलेला आहे. ही पोहते छान, पण उडी म्हटली की पाय रोवून उभी. परवाच्या शनिवारीही तेच. मागे रांग खोळंबलेली, शिकवणारा बाडेमाइस्टर पाण्यातून हाका मारतोय, आणि ही माझ्याकडे वळून म्हणते, "ममा, इश ट्राऊ मिश निश्ट." धीर होत नाही, म्हणत होती.

आणि माझ्या तोंडात तुमचं वाक्य आलं. तेच, तुमच्याच सुरात. शेजारच्या बाकावर ते आजोबा होते. त्यांची मुलगी इथे नर्स आहे, नातू लेकीच्याच पोहण्याच्या वर्गात शिकतो, दोन-तीन आठवडे आमच्या हिंदीतून गप्पा चालल्या होत्या. मी लेकीला म्हटलं, "हे आजोबा कोण आहेत माहितीये? गुरखा सोल्जर होते. विचार त्यांना, गुरखा कधी घाबरतो का."

ते हसले. म्हणाले, "बहुत डरता है, बहिनी."

मला चांगलंच तोंडघशी पाडलं त्यांनी. मग म्हणाले, भरतीच्या वेळी पाठीवर दगडांची टोपली, कपाळाला तिचा पट्टा, असं डोंगरावर पळायला लावलं, त्यात पहिल्या दहांत आलो. पण हाँगकाँगला शिकायला नेलं आणि पोहण्याच्या हौदापाशी उभं केलं, तिथे रडलो. डोंगरातला माणूस, एवढं पाणी कधी पाहिलं होतं? त्यांच्या पलटणीत शिकवणाऱ्याला गुरुजी म्हणतात. "गुरुजी चिल्लाया नहीं. कपड़े समेत खुद पानी में उतरा. बोला, मैं भी डरा था, आ जा. बस." पुढे फॉकलंडच्या लढाईला बोटीतून नेलं, तेव्हा वाटभर ओकत होते म्हणे. "अखबार में छपा, गुरखा डरता नहीं. सामनेवालों ने भी पढ़ लिया होगा. नाम पहले पहुँच जाता था, हम बाद में." आणि स्वतःच खूप वेळ हसत राहिले.

मी जीन्स गुडघ्यापर्यंत दुमडली आणि लेकीच्या शेजारी काठावर बसून पाय पाण्यात सोडले. बाडेमाइस्टर काहीतरी पुटपुटला, मी लक्ष दिलं नाही. तिला विहिरीची गोष्ट सांगितली, डब्यासकट घरी आले तिथपर्यंत. ती म्हणाली, "एश्ट? तू पळून आलीस?" एश्ट म्हणजे खरंच; पुढचं अख्खं वाक्य मराठीत. त्या दिवशी तिने उडी मारली नाही. काल नाक धरून मारली, पाणी प्यायली, खोकली आणि परत रांगेत जाऊन उभी राहिली. रिंग अजून तळाशीच आहे, पण तिची तिला घाई नाही आणि मलाही नाही.

काल घरी आल्यावर मला एक गोष्ट सुचली. तुम्हाला मी पाण्यात कधी पाहिलंच नाही. आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "अण्णा आणि पोहणार? अगं, नदीत गुडघ्याच्या वर कधी गेला नाही तो. पाण्याला जाम भ्यायचा." मी फोन ठेवला आणि इतकं रडू आलं की नवरा विचारायला लागला काय झालं. माझ्या शेजारी तुम्हीही घाबरून उभे होता, अण्णा, आणि आपल्या दोघांतल्या एकानेही ते म्हटलं नाही. नुसतं म्हटलं असतंत ना, तर मी तुमचा हात धरला असता.

मी मोठ्या माणसांच्या वर्गात नाव घातलंय, अगदी पहिल्या पायरीच्या. मंगळवारी पहिला तास. घरात सगळ्यांना सांगितलंय की मजा येणार आहे. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. मला फार भीती वाटते आहे.