डाव्या हाताची खाच

३ जून

चि. जावईबापूंस अनेक आशीर्वाद.

फोनवर तुम्ही हसून विषय बदलता, म्हणून कागद घ्यावा लागला. माझ्या भावाला, म्हणजे तुमच्या मामेसासऱ्यांना, काल त्याच्या कंपनीने घरी बसवलं. तुमच्या कंपनीच्या नव्या फोनला डाव्या कडेवर अंगठ्यासाठी खाच आहे. मूळ खाच त्याची, पण तिच्या हक्काची नोंदणी तुम्ही आधी केलीत आणि आता त्याच्याच कंपनीकडे परवान्याचे पैसे मागता. त्यानेच ती तुम्हाला विकली, असा संशय आहे. बावीस वर्षांची नोकरी आहे त्याची.

नव्या फोनचा आकार ठरवताना तो आधी लाकडाचा फोन कोरतो आणि घरच्यांच्या हातात देऊन बघतो. माझा उजवा अंगठा वळत नाही, म्हणून खाच डावीकडे आली. कुणाला दाखवू नकोस, असं त्याने बजावलं होतं. जानेवारीत तुम्ही जेवायला आलात तेव्हा मी मिरवायला म्हणून तो ठोकळा टेबलावर ठेवला. ती चूक माझी. पण जेवता जेवता उठून त्याला मोजपट्टी लावलीत ती तुम्ही. मला वाटलं, कौतुक चाललंय.

आठ दिवसांत स्वतः जाऊन खरं काय ते सांगा. लोभ आहे, तो राहील असं वागा.

आई

७ जून

ती. आईंना शि. सा. न.

पत्र ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलंत, बरं केलंत. पट्टी लावली हे खरं. मीटिंगमध्ये मी नुसता कागदावर आकार काढला. साहेबांनी तो उचलून दुसऱ्याच दिवशी नोंदणीला धाडला. या धंद्यात सगळेच एकमेकांचं बघतात. मामासुद्धा आमचे फोन उघडून बघतात.

आता तोंड उघडलं तर माझी नोकरी गेलीच. मामांना निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, माझं सगळं पुढे आहे. तो ठोकळा जाळून टाका, नाहीतर मला द्या. हिला काही कळू देऊ नका. मामांवर तिचा फार जीव आहे. तुमच्या मुलीच्या संसाराचा विचार करा. माया पातळ होऊ देऊ नका, एवढीच विनंती.

आपला जावई

१५ जून

चि. जावईबापूंस आशीर्वाद.

आठ दिवस होऊन गेले. दुकानातून आणलेला फोन उघडणं वेगळं आणि सासूच्या टेबलावरचा मोजणं वेगळं, हे तुम्हाला मी शिकवायचं का? माझ्या मुलीचा संसार म्हणालात. तो तुमचाही आहे, हे पट्टी काढताना आठवायला हवं होतं. भाऊही म्हणाला, ताई, राहू दे, पोरीचं घर आहे. त्याला गप्प बसवलं.

लोभाबद्दल आज काही लिहीत नाही.

आई

ता. क. काय कुणाला दिलं, ते तुमच्या माहितीसाठी. लाकडी ठोकळा एक आणि माझा जबाब, दोन पानं, तुमच्या नावासकट: भावाच्या कंपनीच्या वकीलबाईंना, काल दुपारी साडेबारा वाजता. पोच घेतली. तुमचं ७ तारखेचं पत्र त्यांना दिलं नाही. ते आज सकाळी लेकीला दिलं. तिने उभ्यानेच वाचलं आणि घडी घालून पर्समध्ये ठेवलं. तिच्याकडे पोच मागितली नाही.