हवा मारू नका

२ मार्च
आलो एकदाचा! खोली कारखान्याला लागूनच आहे. खिडकी उघडली की आवारातल्या जुन्या गाड्या दिसतात, काही तर माझ्याहून वडील. त्यांना पुन्हा धावत्या करायचं इथलं काम, आणि ब्रेक माझ्याकडे. मालकीणबाईंनी स्वतः चहा करून दिला. रंगारी म्हणाला, गाडी पळवणारे ढीगभर मिळतात, थांबवणारा मात्र आजच मिळाला. दिवसभर मला ‘ब्रेकमास्तर’च म्हणत होता.
ही गेल्यापासून घर खायला उठायचं. लेकीला फोन केला. ठकी रागावली, या वयात परमुलखात कसली नोकरी म्हणून. मी म्हटलं, पडून राहिलं की लोखंडसुद्धा गंजतं.

५ मार्च
आज पहिला ब्रेकचा ड्रम उघडला. जन्माची सवय, हवेचा पाइप घेतला आणि आतली धूळ उडवली. उन्हाच्या तिरिपेत राखाडी ढग छान तरंगत होता. तेवढ्यात मालकीणबाई ओरडत आल्या, “हवा मारू नका!” सगळ्यांना बाहेर काढलं.
मग शांतपणे समजावलं. जुन्या ब्रेकच्या लायनरमध्ये, क्लचमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत. छातीत जाऊन बसतात आणि कित्येक वर्षांनी उठतात. त्यांचे वडील त्यातच गेले. म्हणून इथे ओलं फडकं, तोंडाला मास्क, आणि पुसलेलं सगळं पिशवीत बंद. मी मान डोलावली, पण मनात हसलो. उभा जन्म ही धूळ खाल्ली, मला काय धाड भरलीय?

९ मार्च
मास्क लावले की कुणी कुणाशी बोलत नाही. सुटी झाली की जो तो आपापल्या घरी. फाटक बंद झाल्यावर मी गाड्यांशी बोलतो.
कामाची डांगरी इथेच सोडायची, घरी न्यायची नाही, असाही नियम आहे. मी रंगाऱ्याला म्हटलं, घरी आहे कोण? तो हसला नाही.
आमची ही डांगरी आधी मागच्या अंगणात जोरजोरात झटकायची, मग भिजवायची. म्हणायची, निम्मं गॅरेज अंगावर घेऊन येता. आज तिचा आवाज अगदी कानाशी आला.

१३ मार्च
डॉक्टरांकडे तपासणी झाली. एक्स-रे काढला. छाती स्वच्छ! मी खूश.
डॉक्टर घरचं विचारत होत्या. बायको कशाने गेली? मी सांगितलं, फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. विडी नाही, तंबाखू नाही, साधं सर्दीपडसं नाही, आम्हालाच नवल वाटलं होतं.
डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. तुमचे कामाचे कपडे कोण धुवायचं, विचारलं.

१४ मार्च
कामावर गेलो नाही. खात्रीने सांगता येत नाही, असं म्हणाल्या डॉक्टर. पण तो कॅन्सर बहुतेक वेळा त्याच धुळीने होतो. बहुतेक वेळा.
धूळ मी खाल्ली. आणि ती—

१७ मार्च
डोळे मिटले की ती दिसते. उन्हात झटकतेय. राखाडी धूळ तिच्या तोंडावर. मी पायरीवर बसून चहा पितोय. तिला थांब म्हणायला तोंड उघडतो आणि—
मालकीणबाई जेवण ठेवून गेल्या. दार उघडलं नाही.

१९ मार्च
ठकी.
लहानपणी संध्याकाळी धावत यायची. कपडेसुद्धा बदलू द्यायची नाही. डांगरीत तोंड खुपसून बसायची. केस राखाडी व्हायचे. ही हसायची — बापलेक दोघं म्हातारे झालात म्हणून.
हसायची.

२० मार्च
फोन केला. छातीचा फोटो काढून घे म्हटलं. का, ते सांगवेना. ती हसली, मला काय झालंय? मग तुमचा आवाज ठीक नाही, मी येते म्हणाली.
नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. एकटं वाटतं इथे—

२२ मार्च
आली. फाटकातून हात हलवतेय. धावतच निघाली, वेडी—
थांबली. मध्येच. गाडीला टेकलीय. एक हात छातीवर—
ओरडून सांगतेय, काही नाही बाबा, नुसता दम लागलाय. हसतेय. खिडकीतून मी नुसता बघतोय—
तिला आता कसं सांगू, की तुझ्या आईला आणि तुला मीच रोज